नाण्यावरील सन आणि नाण्याचें वय

एका संग्रहाच्या यादींत रुप्याच्या परकी नाण्यावरील ‘१७८०’ हा आंकडा वाचून, पेशवाईंतच ऑस्ट्रियाचा पैसा कोंकणांत खेळत होता, असा सिद्धान्त काढला आहे. वाचन बरोबर, अनुमान मात्र आम्हांस मान्य नाहीं.

एका बाजूस मारिया थेरेसा राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस द्विमुख गरुड, मुखवट्याखालीं एस्. एफ्. हीं अक्षरें आणि वजन सुमारें २८ ग्रॅम. यावरून हा ‘थालर’ होय यांत शंका नाहीं. परंतु राणी १७८० सालींच वारली, तरी अरबस्तान व हबसाण येथील व्यापाऱ्यांचा विश्वास याच रूपावर असल्यामुळें तोच सन कायम ठेवून थालर पुढेंही पाडले गेले. व्हिएन्ना, रोम, लंडन येथें, आणि १९४०-४१ सालीं खुद्द मुंबईच्या टांकसाळींतही! नैयायिकांच्या भाषेंत, हा हेतु सव्यभिचार होय.

पदकावरील मोती, गरुडाचीं पिसें यांतील सूक्ष्म भेद पाहावे. नाणें कोठें व कोणत्या नाण्यांसमवेत सांपडलें, तें नोंदावें. तोंपर्यंत पेशवाईच्या व्यापाराचा हा पुरावा बाजूस ठेवणें इष्ट.