मुखपृष्ठावरचा हुडीवाला

गेल्या पावसाळ्यात ताईचा फोन आला. "तू त्या सिक्युरिटीच्या कामात आहेस ना, मग याला काहीतरी सांग." 'हा' म्हणजे माझा भाचा, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. अंधेरीतल्या एका क्लासमध्ये त्याला एथिकल हॅकिंगचा कोर्स लावायचा होता आणि फीचा आकडा ऐकून ताईची झोप उडाली होती. मी फुशारकीने म्हटलं, आधी एखादं पुस्तक नीट वाचू दे, मग फी भर. हे शहाणपण माझ्याच अंगाशी आलं, कारण तिकडून लगेच भाच्याचा आवाज: "मामा, कुठलं पुस्तक?"

त्याने तीन आधीच जमवली होती. एक अंधेरी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून घासाघीस करून आणलेलं, दोन टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ. तिन्हींच्या मुखपृष्ठांवर तोच माणूस. काळी हुडी, चेहरा अंधारात, मागे हिरवे आकडे पावसासारखे पडतायत. गेली पंधराएक वर्षं मी रोज या धंद्यातल्या लोकांबरोबर जेवतो. त्यातला एकही जण हुडी घालून काम करत नाही. एसी फार असेल तर स्वेटर घालतात.

ही तीनही पुस्तकं मी एका रविवारी वाचून काढली. वाचली म्हणणं जास्त होईल, कारण त्यांत वाचण्यासारखी वाक्यं थोडीच, बाकी सगळे स्क्रीनशॉट. अमुक टूल उतरवा, इथे क्लिक करा, ही कमांड टाका, असं असं दिसेल. समजा तसं नाही दिसलं तर? त्यावर एक ओळही नाही. आणि तसं दिसत नाहीच, कारण पुस्तक छापून येईपर्यंत टूलची आवृत्ती बदललेली असते. वाचणाऱ्या मुलाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. माझा खरा राग यावर आहे. पुस्तक शिळं होतं आणि दोष वाचकाच्या माथी येतो.

हे आजचं नाही. माझ्या पिढीचं हॅकिंगचं पहिलं पुस्तक म्हणजे २००१ साली मॅकमिलनने काढलेलं 'ॲन अनऑफिशियल गाइड टू एथिकल हॅकिंग'. लेखक अंकित फाडिया तेव्हा शाळकरी वयाचे. आपल्याच वयाच्या मुलाने एवढं जाडजूड पुस्तक लिहिलं, याचीच आम्हाला भुरळ होती. पुढे फाडिया एमटीव्हीवर दिसले, पुस्तकातला बराच मजकूर इतरांच्या लेखनातून उचलल्याचे आरोप जाहीरपणे झाले, आणि २०१२ साली लास व्हेगासच्या डेफकॉनमध्ये त्यांना 'सिक्युरिटी शार्लटन ऑफ द इयर' ठरवलं गेलं. त्यावरून त्यांची टिंगल करणं सोपं आहे आणि ती पुष्कळ झालीय. मला मात्र कबूल करायला हवं की 'पोर्ट' हा शब्द मी पहिल्यांदा त्या पुस्तकात वाचला. माझी तक्रार वेगळी आहे. ते पुस्तक युक्त्यांचं होतं: विंडोजची ही फाइल अशी बदला, बनावट ई-मेल असा पाठवा. युक्ती चालली की टाळ्या पडायच्या. पण ती का चालली, हे मी कुणाला समजावून सांगू शकलो नसतो. दोनेक वर्षांत त्या युक्त्या निकामी झाल्या आणि माझ्याकडे काहीच उरलं नाही.

म्हणून भाच्याला मी आधी हॅकिंगचं पुस्तक दिलंच नाही. ताईच्या माळ्यावर माझं जुनं 'लेट अस सी' होतं, ते काढलं.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं हे पुस्तक माहीत नाही असा इंजिनिअर महाराष्ट्रात शोधावा लागेल. मराठी माध्यमातून आलेल्या मुलालाही झेपेल असं त्यातलं इंग्रजी, कुणीतरी शेजारी बसून गप्पा माराव्यात तसं. त्याच्यावर टीकाही बरीच होते. टर्बो सीच्या जमान्यात ते अडकून राहिलं, 'व्हॉइड मेन' लिहायची वाईट सवय एका आख्ख्या पिढीला लागली, वगैरे. ती टीका खरी आहे. पण माझ्या प्रतीतल्या स्ट्रिंगच्या धड्यात एक छोटी सूचना आहे. कीबोर्डवरून शब्द घेताना ते ठरवलेल्या जागेत मावतील याची काळजी घ्या, कारण कंपायलर ते तपासत नाही; जास्त झाले तर मेमरीतलं दुसरं काहीतरी महत्त्वाचं पुसलं जाईल, अशा अर्थाची. बस्स, एवढंच. त्याच धड्यात 'गेट्स' हे फंक्शनही शिकवलंय, ज्याला मुळात किती मावतं हे विचारायची सोयच नाही. ते इतकं धोकादायक निघालं की २०११ च्या सी प्रमाणातून त्याला चक्क काढून टाकलं.

कॉलेजात ही सूचना आम्ही सगळ्यांनी वाचली. 'काहीतरी महत्त्वाचं' म्हणजे नेमकं काय, असं एकानेही विचारलं नाही. परीक्षेला येत नव्हतं.

लोकलने जाणाऱ्याला हे समजावणं अवघड नाही. तिघांच्या बाकावर चौथा येऊन टेकतो, ती आपली चौथी सीट. माणसं सरकून घेतात, कुरकुरतात, पण चौथा कुणाचं काही हिरावून घेत नाही. मेमरीत सरकून घेणं नसतं. तिथे जास्तीचा प्रवासी थेट शेजारच्याच्या जागी बसतो आणि त्याचा पास, त्याचं नाव, त्याचं उतरायचं स्टेशन सगळं आपलं करून टाकतो. त्या शेजाऱ्याकडे जर 'हे काम संपलं की प्रोग्रॅमने परत कुठे जायचं' हा पत्ता असेल, तर तो पत्ता आता घुसणाऱ्याच्या हातात आला. प्रोग्रॅमला अंधेरीला उतरायचं होतं, तो म्हणेल तिथे उतरेल. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने इंटरनेटवरची हजारो यंत्रं जेरीला आणली, तेव्हा घुसायची एक वाट हीच होती: ५१२ अक्षरांची जागा, पाठवली ५३६, आणि पलीकडे ती घ्यायला 'गेट्स' बसलेलं.

हॅकिंगचं पहिलं पुस्तक तपासायला माझा निकष हा एवढाच आहे. कानेटकरांनी दोन ओळींत सोडून दिलेला प्रश्न ते हातात घेतं का? टूल किती, पानं किती, सोबत सीडी आहे का, हे नंतर.

जॉन एरिक्सनचं 'हॅकिंग: द आर्ट ऑफ एक्स्प्लॉइटेशन' तो प्रश्न घेतं. पहिली आवृत्ती २००३ ची, दुसरी २००८ ची. पुस्तकाच्या सुरुवातीचा मोठा भाग हॅकिंगचा नाहीच. सी, मेमरी, पॉइंटर, आणि डीबगर लावून चालत्या प्रोग्रॅमच्या पोटात डोकावणं. हुडीवाल्या पुस्तकांची सवय असलेला मुलगा इथेच कंटाळून पळेल, आणि ही या पुस्तकाची खरोखरची अडचण आहे. 'नवशिक्यांसाठी' म्हणून ते कुणाच्याही हातात ठेवू नये. पण जो टिकेल त्याला पुढे एक इवलासा प्रोग्रॅम भेटतो. तो पासवर्ड विचारतो, तो ठेवायला १६ अक्षरांची जागा, आणि मेमरीत जरा पुढे एक आकडा: शून्य म्हणजे प्रवेश नाही, शून्याखेरीज काहीही म्हणजे या आत. पासवर्ड माहीत नसताना नुसते 'ए' दाबत राहायचं. ते १६ च्या पलीकडे वाहत जातात, त्या आकड्यावर पडतात, आणि दार उघडतं. कुलूप कुणी तोडलेलं नाही. 'हो' म्हणणाऱ्याच्या जागी जाऊन बसलं कुणीतरी.

हे खेळण्यातलं उदाहरण वाटतं, पण 'हो कोण म्हणतं' हा प्रश्न हातात आला की वर्तमानपत्र वेगळं वाचता येतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, आणि ते शक्य झालं कारण कार्डाला होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या वाटेत चोरांनी आपला खोटा होकार देणारा बसवला होता. पद्धत अगदी निराळी, मेमरीबिमरी काही नाही. पण प्रश्न तोच.

एरिक्सनची दुसरी चांगली गोष्ट म्हणजे तो फोडायला स्वतःचेच प्रोग्रॅम देतो. ही फक्त शिकवण्याची सोय नाही. कॉलेजात माझ्या एका मित्राने पुस्तकाबरोबर आलेल्या सीडीवरचं स्कॅनर उत्सुकतेपोटी कॉलेजच्याच नेटवर्कवर चालवलं. कुणाचं काही बिघडलं नाही, पण तो पकडला गेला आणि त्याचं एक सत्र बुडालं. घरी वडिलांना काय सांगायचं, या धास्तीने तो आठवडाभर माझ्या खोलीवर राहिला होता. त्या पुस्तकात कायद्यासाठी सुरुवातीला चार ओळी होत्या: सर्व माहिती केवळ शैक्षणिक हेतूने. त्या ओळी प्रकाशकाला वाचवतात, वाचकाला नाही.

म्हणून मी पुस्तकातलं कायद्याचं पान हमखास उघडून बघतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ च्या शीर्षकातच 'हॅकिंग' हा शब्द होता. दुरुस्तीनंतर, २७ ऑक्टोबर २००९ पासून, तो तिथून गेला. आता कलम ४३ मध्ये कळीचा मुद्दा परवानगीचा आहे: यंत्राच्या मालकाने किंवा ते सांभाळणाऱ्याने तुम्हाला हो म्हटलं होतं का? तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं असेल, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाच्याच्या फुटपाथवाल्या पुस्तकात अजून जुनंच शीर्षक होतं. म्हणजे लेखकाने तो धडा कुठून तरी उतरवून घेतला आणि परत कधी उघडला नाही. मग बाकीच्या धड्यांवर मी का विश्वास ठेवावा?

कानेटकरांकडे परत यायचा मोह आवरत नाही. त्यांचं 'रायटिंग टीएसआर्स थ्रू सी' नावाचं एक पुस्तक होतं. डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवायचं. टीएसआर म्हणजे आपलं काम संपलं असं दाखवून मेमरीत दबा धरून बसणारा प्रोग्रॅम. कीबोर्डची कळ दाबली की डॉसच्या आधी ती त्याच्याकडे येते. याच तंत्रावर त्या काळचे व्हायरस जगत होते. पुस्तकात काळी हुडी नाही आणि नावात हॅकिंगही नाही. पण यंत्र आपल्याला एक सांगतं आणि आत दुसरंच करत असतं, हे दाखवणारं त्याहून चांगलं पुस्तक त्या काळी माझ्या हातात पडलं नाही. आज ते चालवायला डॉसच नाही, तरी त्यातली विचाराची पद्धत शिळी झालेली नाही.

वेबचं शिकायचं असेल तर मात्र पुस्तकाच्या मागे लागू नका. 'द वेब ॲप्लिकेशन हॅकर्स हँडबुक' या क्षेत्रात सगळ्यांनी वाचलेलं, २००७ आणि २०११ मध्ये दोन आवृत्त्या. तिसरी आलीच नाही. तिच्याऐवजी लेखक डॅफिड स्टटार्ड यांच्या पोर्टस्विगर कंपनीने फुकट ऑनलाइन अकादमी काढली, जिथे फोडायला परवानगीची, मुद्दाम कच्ची ठेवलेली संकेतस्थळं आहेत. आपलं पुस्तक शिळं होणार हे लेखकाने स्वतःच ओळखलं. इतकी प्रामाणिक समीक्षा मला कधी जमणार नाही.

भाच्याने क्लास लावला नाही, निदान अजून तरी. महिनाभर कानेटकर वाचून मग एरिक्सनला हात घातला. परवा रविवारी गेलो तर त्याने तो पासवर्डवाला प्रोग्रॅम स्वतःच्या लॅपटॉपवर टाइप करून ठेवला होता. ताई चहा घेऊन उभी. त्याने सोळा 'ए' दाबले, वीस, मग तीस. दार उघडलं नाही. प्रोग्रॅम मेला आणि पडद्यावर आलं: स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड.

"पुस्तक चुकीचं आहे," तो वैतागून म्हणाला.

मी म्हटलं, पुस्तक २००८ चं आहे, तुझा लॅपटॉप आत्ताचा.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "पण मामा, मी तर फक्त 'ए' दाबले. ते जास्त झाले हे याला कळलं कसं? मध्ये कोण बसलंय?"

ताई म्हणाली, चहा निवतोय.