विष्ठेतील पेशीबाह्य पुटिका : विलगीकरणाच्या एका पद्धतीची चिकित्सा

मानवी विष्ठेतून पेशीबाह्य पुटिका वेगळ्या काढून त्यांच्या आधारे आतड्याच्या रोगांचा मागोवा घेण्याचे प्रयत्न अलीकडे वाढले आहेत. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या योरी टुल्केन्स, ओलिव्हिए डे वेव्हर आणि आन हेंड्रिक्स यांनी 'नेचर प्रोटोकॉल्स' या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध केलेली कार्यपद्धती या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. ती रक्तासाठीही सांगितलेली आहे. परंतु तिची खरी कसोटी विष्ठेवरच लागते.

पुटिका म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली, मेदाच्या पटलाने वेढलेली अतिसूक्ष्म पिशवी. तिच्यात प्रथिने, मेद, आरएनए असे घटक असल्यामुळे मूळ पेशीची खबर तिच्यातून मिळते, असे गृहीत धरले जाते. विष्ठेत मात्र ही खबर कोणाची, हाच पहिला प्रश्न आहे. विष्ठेच्या शुष्क भागापैकी सुमारे पाव ते निम्मा हिस्सा जिवाणूंचा असतो आणि जिवाणूही पुटिका सोडतात. त्यांचा आकार मानवी पुटिकांच्या आकाराशी इतका जुळतो की, केवळ कणांची मोजणी करणाऱ्या यंत्राला दोहोंतला फरक कळत नाही. अन्नातील तंतू आणि प्रथिनांच्या गुठळ्या ही आणखी भर.

हा गोंधळ केवळ तात्त्विक नाही. २०१३ साली कोरियातील संशोधकांनी उंदरांच्या विष्ठेतील पुटिका जिवाणूंच्या म्हणून अभ्यासल्या आणि बृहदांत्रदाहात अ‍ॅकरमान्सिया या जिवाणूच्या पुटिका घटल्याचे नोंदवले. २०१६ साली बोस्टनच्या गटाने विष्ठेतील पुटिकांमध्ये यजमान प्राण्याचे मायक्रोआरएनए असल्याचे व ते जिवाणूंमध्ये शिरत असल्याचे दाखवले. दोन्ही निष्कर्ष मोलाचे आहेत. पण एकाच पदार्थात एकाने जिवाणू पाहिला, दुसऱ्याने यजमान. रोग्याच्या नमुन्यात कण वाढले असे कोणी म्हटले, तर ते कोणाचे वाढले?

गेंटच्या गटाने याचे उत्तर दोन स्वतंत्र निकषांत शोधले आहे. आधी अतिगाळण व आकारानुसार वेगळे करणारा स्तंभ. त्याने जिवाणू, त्यांची कशाभिका व पेशींचा चुरा बाजूला होतो. नंतर घनतेच्या उतरंडीतून अपकेंद्रण. तेथे तंतू, प्रथिनांचे पुंजके आणि मानवी पुटिका वेगळ्या होतात, कारण जिवाणूंच्या पुटिका किंचित अधिक घन असतात. धान्य आधी चाळणीने चाळावे आणि मग सुपात पाखडावे, तसा हा प्रकार आहे. चाळणीतून एकाच मापाचा खडा आणि दाणा दोन्ही पडतात, म्हणून सूप लागते. केवळ अल्ट्रासेंट्रिफ्यूजच्या तळाशी बसलेला गाळ किंवा बाजारातील संचाने साकळवलेला साका 'एक्झोसोम' म्हणून सादर करणाऱ्या लेखनापुढे ही शिस्त निश्चितच उजवी ठरते.

तथापि उणिवाही आहेत. जिवाणूंच्या पुटिका ओळखण्यासाठी एंडोटॉक्सिनच्या चाचणीवर मोठा भर आहे. एंडोटॉक्सिन ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्यपटलात असते; आतड्यात मुबलक असणाऱ्या ग्रॅम-धन जिवाणूंच्या पुटिका त्या चाचणीला दिसतच नाहीत. टोल-सदृश ग्राहकांवर आधारलेल्या चाचण्या ही पोकळी काही अंशी भरतात, पण त्यांतून प्रमाण काढणे कठीण. शिवाय घनतेचे दोन पट्टे जवळजवळ असल्याने सीमेवरची सरमिसळ पूर्णपणे टळत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न विलगीकरणाच्या आधीचा आहे, आणि तो कोणत्याच स्तंभाने सुटत नाही. नमुना गोठवून वितळवला की काही जिवाणू फुटतात, आणि त्यांच्या पटलाचे तुकडे गोलाकार मिटून पुटिकेसारखे दिसू लागतात. अतिसार झालेल्या रोग्याच्या विष्ठेत पाणी अधिक. तेव्हा दर ग्रॅममागे मोजलेली संख्या निरोगी माणसाच्या संख्येशी ताडून पाहणे म्हणजे पातळ वरणाची घट्ट वरणाशी तुलना करणे होय. दाहाच्या रोगात अतिसार हेच लक्षण असल्याने ही चूक नेमकी तेथेच घडते, जेथे निष्कर्ष हवा असतो.

कालावधीचाही विचार हवा. लेखकांच्या म्हणण्याप्रमाणे विलगीकरण व परीक्षण मिळून ७२ तासांत होते, आणि त्यासाठी द्रव हाताळणारी स्वयंचलित यंत्रे वापरली जातात. शेकडो रुग्णांच्या तपासणीला हे परवडणारे नाही. विष्ठेतील गुप्त रक्त किंवा कॅलप्रोटेक्टिन यांच्या चाचण्या आज साध्या प्रयोगशाळेतही होतात. पुटिकांची चाचणी त्यांच्या जागी यायची, तर तिने त्यांच्याहून अधिक काही सांगितले पाहिजे. गेंटच्या पद्धतीचे स्थान रुग्णालयात नव्हे, तर त्याआधीच्या पायरीवर आहे : कोणती खूण खरोखर मानवी पेशीची आणि कोणती जिवाणूची, हे थोड्या नमुन्यांवर पक्के करण्यासाठी. ती खूण एकदा हाती लागली की, पुढे साध्या प्रतिपिंड-चाचणीने काम भागू शकेल.