'वाट लागणे' : एका रस्त्यावरील वाक्प्रयोगाचा अर्थ व उगम

बोरीवली स्थानकाच्या पुलावर 'मेरी वाट लग गयी' हे वाक्य मराठी, गुजराती व हिंदी भाषक सारख्याच सहजतेने उच्चारतात. टपोरी बोलीतील, हिंदी चित्रपटांनी आणलेला असभ्य प्रयोग अशी त्याची आपल्या अध्यापकवर्गात ओळख असून उत्तरपत्रिकेत तो आढळल्यास लाल शाई लागते. हा समज तपासून पाहावयास हवा. चित्रपटांनी या प्रयोगाचा प्रसार केला. त्याची घडण मात्र मराठी आहे.

'वाट' हा शब्द संस्कृत 'वर्त्मन्', प्राकृत 'वट्ट' या परंपरेतला. हिंदीत त्याचे रूप 'बाट' असे होते. मुंबईच्या हिंदीने 'व' राखला आहे. अर्थात गुजरातीतही 'वाट' आहे ('वाट जोवी' म्हणजे वाट पाहणे), त्यामुळे केवळ ध्वनीवरून निर्णय करता येत नाही. अधिक बोलका पुरावा रचनेचा आहे. 'एखाद्याची वाट लागणे' आणि 'लावणे' या जोडीभोवती मराठीत एक अख्खे कुटुंब नांदते: वाटेला लावणे, विल्हेवाट लावणे, मार्गी लावणे. मुंबईच्या हिंदीने त्यातला एकच सदस्य उचलला.

मूळ कल्पना कोणाला त्याच्या रस्त्यावर आणून सोडण्याची दिसते. निरोप देण्यातून कटवणे, कटवण्यातून संपवणे आणि संपवण्यातून नासाडी, असा अर्थ सरकत गेला असावा. 'बोळवण' शब्दाचे असेच झाले. सासरी निघालेल्या लेकीची बोळवण मायेची. आश्वासनावर केलेली बोळवण मात्र फसवणुकीची.

खरा प्रश्न पुढेच आहे. 'मार्ग' आणि 'वाट' समानार्थी असूनही काम मार्गी लागले की अभिनंदन होते, कामाची वाट लागली की शोक. प्रस्तुत लेखकाच्या मते या भेदामागे शब्दांची सामाजिक प्रतिष्ठा आहे. स्त्री गर्भिणी, गाय मात्र गाभण. तत्समाला मान आणि तद्भवाला गोठा, ही विभागणी मराठीत जुनीच. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर (१९६५) अश्लीलतेचे आक्षेप आले, तेव्हाही नाक्यावरच्या बोलीचे मोजमाप सभ्यतेच्याच फूटपट्टीने झाले होते.

'प्रकल्पाची वाट लागली' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो. 'कचऱ्याची विल्हेवाट लावावी' ही पालिकेची सूचना मात्र तीच 'वाट' आणि तेच 'लावणे' घेऊन महाविद्यालयाच्या फलकावर निर्वेधपणे झळकते.