‘समलैंगिकतेचे जनुक’ : एका निष्कर्षाची चिकित्सा

डीन हॅमर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात समलैंगिक सहोदरांच्या ४० जोड्यांपैकी ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या ‘एक्सक्यू२८’ या भागातील खुणा समान आढळल्या. निव्वळ योगायोगाने त्या सुमारे २० जोड्यांत आढळल्या असत्या. हा दुवा होता, जनुक नव्हे. वृत्तपत्रांनी मात्र जनुकच सापडल्याचा गाजावाजा केला. १९९९ मध्ये राईस व सहकाऱ्यांना ५२ जोड्यांत हा दुवा आढळला नाही. २०१९ मधील सुमारे पावणेपाच लाख व्यक्तींच्या अभ्यासानेही एकच निर्णायक जनुक असल्याची कल्पना नाकारली. तथापि त्याची प्रमुख मोजपट्टीही वर्तनाचीच आहे : स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीशी एकदाच आलेला संबंध आणि आयुष्यभराची ओढ ती एकाच रकान्यात टाकते.