वेताळाच्या वहाणा

भुताखेतांच्या दूरदर्शन-मालिकांविषयी गंभीरपणे लिहावे असे आपल्याकडील टीकाकारांस सहसा वाटत नाही. त्या मालिका आवडीने पाहणाऱ्यांविषयी लिहावे असे तर मुळीच वाटत नाही. अशा प्रेक्षकांवर जो आक्षेप घेतला जातो तो साधारणतः असा, की ही मंडळी कलाकृतीविषयी बोलतच नाहीत. जमतात ती मालिकेच्या निमित्ताने. परंतु चार वाक्ये झाली न झाली तोच पिशाच मागे राहते आणि गप्पा तांदळाचा भाव, मुलांच्या परीक्षा, गावाकडील घराची कौले आणि होऊ घातलेली बदली यांवर येऊन ठेपतात. प्रस्तुत लेखात आम्हांस या आक्षेपाचा विचार करावयाचा आहे. आमचे म्हणणे असे, की या गप्पा म्हणजे विषयांतर नव्हे. त्या कलाप्रकाराला मिळालेली ती यथायोग्य दाद आहे. ज्या भयकथेनंतर रसिकाला आपल्या घराविषयी काही बोलावेसेच वाटत नाही, तिच्यात काहीतरी उणे राहिले आहे असे समजावे.

रक्तपिपासू पिशाचाच्या कथांत सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे ब्रॅम स्टोकरची १८९७ साली प्रसिद्ध झालेली 'ड्रॅक्युला' ही कादंबरी. आमच्या वाचकांस हे ऐकून मौज वाटेल, की हा लेखक मूळचा डब्लिन येथील सरकारी कारकून होता आणि किरकोळ खटले चालविणाऱ्या आयरिश न्यायालयांतील लिपिकांची कर्तव्ये सांगणारे त्याचे पुस्तक १८७९ मध्ये निघाले होते. दप्तरातील ही शिस्त कादंबरीतही उतरली आहे. सारी कथा रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांच्या आधारे, जणू एखाद्या प्रकरणाची फाईल वाचावी तशी उलगडते. कथेतील तरुण वकील हार्कर कामानिमित्त परमुलखात निघाला आहे. त्याच्या रोजनिशीच्या आरंभी पिशाचाचा विषयही नाही. पूर्वेकडे जावे तसतशा आगगाड्या अधिकाधिक उशिरा धावतात ही तक्रार आहे, आणि वाटेत जेवलेल्या तिखट कोंबडीची कृती आपल्या वाग्दत्त वधूसाठी मिळवून न्यावयाची आहे ही नोंद आहे. बदलीच्या गावी पहिल्या रात्री घरी पत्र लिहावयास बसलेला कोणता माणूस याहून वेगळे लिहितो?

पुढे किल्ल्यात हार्करच्या अंगावर जो पहिला खरा शहारा येतो, तो रक्ताच्या दर्शनाने नव्हे. त्याचा यजमान, एवढा मोठा सरदार, स्वतःच पाहुण्याचे अंथरूण घालतो आणि स्वतःच जेवणाचे टेबल मांडतो, हे तो आडून पाहतो. म्हणजे या वाड्यात नोकरच नाहीत! आणि नोकर नाहीत, तर आपल्याला येथवर आणणारा तो गाडीवान कोण होता? घरकामाच्या एका साध्या तपशिलातून भय बाहेर पडते. तो सरदार इंग्लंडात जाण्यापूर्वी तेथील आगगाड्यांचे वेळापत्रक वाचतो, सैन्य व आरमारातील अधिकाऱ्यांच्या याद्या चाळतो, आणि आपल्या उच्चारांवरून कोणी आपणांस परका म्हणून ओळखू नये यासाठी हार्करकडून इंग्रजी संभाषणाचे धडे घेतो. परमुलखात परका दिसण्याची ही धास्ती पिशाचालाही सुटलेली नाही. रायपूरला येऊन हिंदी लिंगभेदांशी झगडलेल्या मराठी अधिकाऱ्याला या प्रसंगी त्या दुष्टाविषयी क्षणभर सहानुभूती वाटली, तर ती आम्ही अस्थानी मानणार नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली होती. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या काही कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा वेताळाला त्याने रक्तपिपासू पिशाचाचेच नाव दिले. ते नाव नेमके नाही, कारण आपला वेताळ रक्त पीत नाही, तो बोलतो. स्मशानाच्या वाटेवर राजाच्या खांद्यावर बसून तो बोलतो काय? मुलगी कोणाला द्यावी, खरा नवरा कोणता, चूक कोणाची आणि शासन कोणाला. या साऱ्या घरातल्या आणि चावडीवरल्या गोष्टी आहेत. ज्या शेवटच्या प्रश्नापुढे राजा निरुत्तर होतो, तो ब्रह्मविद्येचा नसून नात्याचा आहे: बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर त्यांची मुले एकमेकांची कोण लागतील? भुताच्या निमित्ताने प्रपंचाविषयी बोलावयाचे, ही आपल्या भयकथेची जुनी रीतच आहे.

कोकणात तर या वेताळाला ग्रामदेवतेचे स्थान आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाल्या चामडी वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करीत हिंडतो आणि हिंडून हिंडून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. भुतांच्या अधिपतीच्या वहाणा झिजाव्यात आणि त्या नव्या कराव्या लागाव्यात, या कल्पनेत अद्भुताला प्रपंचाशी बांधून टाकण्याचे जे सामर्थ्य आहे, ते अनेक लेखकांच्या वर्णनांत आम्हांस आढळले नाही. मराठीत भयकथेचा मोठा वाचकवर्ग निर्माण करणारे नारायण धारप (१९२५–२००८) यांनी हे मर्म जाणले होते. स्टीफन किंगच्या रक्तपिपासूंच्या कादंबरीला 'लुचाई'त त्यांनी मराठी वेष दिला. परंतु केवळ पिशाचाचे नाव बदलून तो वेष अंगाला बसत नाही. त्यांच्या कथांत नव्या गावी आलेला, भाड्याचे घर शोधणारा मध्यमवर्गीय माणूस वारंवार भेटतो आणि त्याच्यामुळेच वाचक दाराची कडी पुन्हा एकदा तपासून पाहतो.

कथा आणि मालिका यांत मात्र एक भेद आहे. कथा एका बैठकीत संपते, मालिका महिनोन्‌महिने चालते, आणि इतके दिवस कोणीही घाबरून राहू शकत नाही. अमेरिकेत २७ जून १९६६ रोजी सुरू झालेली 'डार्क शॅडोज' ही दुपारची कौटुंबिक मालिका होती. तीत बार्नबस हा रक्तपिपासू आला तो १९६७ मध्ये. तो आला आणि मालिकेला नवा जीव मिळाला, हे खरे. पण १९७१ पर्यंत बाराशेंहून अधिक भाग ती चालली, ती त्या पिशाचाला एक घर, एक कुटुंब आणि पश्चात्ताप करावयास एक जुने प्रेम मिळाले म्हणून. मालिका बंद पडल्यावरही तिचे चाहते कित्येक वर्षे एकत्र जमत राहिले. केवळ किंकाळ्या आठवण्यासाठी माणसे इतकी वर्षे जमत नसतात.

'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचा विचार याच दृष्टीने करावयास हवा. झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ पासून ती रात्री साडेदहाला दिसू लागली. सावंतवाडीजवळच्या आकेरी येथे तिचे चित्रण झाले आणि पात्रांच्या तोंडी मालवणी आली. अण्णा नाईक वारतात आणि पांगलेले कुटुंब वाड्यात जमते, हा तिचा आरंभ आम्हांस फार मार्मिक वाटतो. मृत्यूने जमलेल्या घरात भूत शोधावे लागत नाही. वाटणीचा प्रश्न असतो, शहरातून आलेल्या सुनेची आणि गावात राहिलेल्या सुनेची तेढ असते, आणि सारे पाहून काहीच न बोलणारी माई असते. सांगितलेले काम विसरणारा पांडू तर प्रेक्षकांच्या घरचाच झाला. त्या पहिल्या भागातील उत्तम प्रसंग कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही भुतांचे सांगणार नाही, स्वयंपाकघरातील सांगू.

जानेवारी २०१९ मध्ये आलेला दुसरा भाग पूर्वकथेचा होता. अण्णा मरणार हे ठाऊक असल्याने 'काय होणार' याऐवजी 'कसे होत गेले' ही उत्कंठा निर्माण झाली, आणि ती अधिक प्रौढ होती. अण्णा आणि शेवंता यांची कहाणी लोकप्रियही अधिक झाली. तथापि साऱ्या दिव्यांचा प्रकाश त्या दोघांवर वळला आणि घर अंधारात गेले, असे आमचे मत आहे. पहिल्या भागानंतर लोक आपापल्या वाड्यांविषयी बोलत. दुसऱ्या भागानंतर पुष्कळदा शेवंतेच्या साड्यांविषयी बोलू लागले. गप्पांचा विषय बदलला, त्यावरून कलाकृतीचे वजनही बदलल्याचे कळले. टीकाकाराला प्रेक्षकांच्या गप्पा ऐकण्याचा उपयोग होतो तो असा.

रायपूरला या गप्पांस आणखी एक अर्थ आहे. या गावाच्या परिसरात दूरदर्शन आले ते करमणुकीसाठी नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात रायपूरचा परिसर होता. पुढे दहा वर्षांतच, १९८५ मध्ये, 'विक्रम और बेताल'च्या रूपाने वेताळही दूरदर्शनवर अवतरला, पण तो हिंदी बोलत होता. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणूस आहे. बदलीने येणाऱ्यांची भर त्यात सतत पडत आली. या जुन्या-नव्या कुटुंबांतील बहुतेकांना मालवणी तितकीच अपरिचित. मालिका पाहताना मुलाने 'झील म्हणजे काय?' असे विचारावे, नागपूरच्या वडिलांनी 'पोट्टं' म्हणून सांगावे, आणि शाळेतल्या मित्रांमुळे मुलाला 'टुरा' हा छत्तीसगडी शब्द आधीच ठाऊक असावा! एका बैठकीवर एकाच मुलाला तीन नावे मिळतात. मग कोणाला आजीचा शब्द आठवतो, आजीवरून परसातली विहीर आठवते, आणि भूत केव्हाच विसरले जाते. परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना मराठी कशी यावी, या विषयावर आपल्या मंडळांतून व्याख्याने पुष्कळ होतात. व्याख्यानांनी जे साधत नाही ते साडेदहाच्या भुताने काही घरांत साधले, याची नोंद कोणीतरी घ्यावयास हवी होती.

एवढे कौतुक केल्यावर एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. ज्या भूमीवर बसून आपण हे भय चवीने चाखतो, त्याच भूमीवर 'टोनही' हा शब्द आहे. शेजारणीची दृष्ट लागली, गाय आटली, मूल दगावले, म्हणून एखाद्या बाईला टोनही ठरवावयाचे आणि मग तिचे हाल करावयाचे, हे येथे इतके घडले की २००५ साली छत्तीसगडाला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. कोणाला टोनही ठरविणे हाच त्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्रातही जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. अशी प्रकरणे ज्यांच्या टेबलावर आली असतील, त्या वाचकांस अधिक सांगण्याची गरज नाही. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की टोनही जन्मास येते तीसुद्धा गप्पांतूनच. कोणाच्या घरी काय घडले, त्या दिवशी कोण आले होते, ती कोणत्या नजरेने पाहत होती: ज्या रोजच्या बोलण्याची आम्ही वर एवढी भलावण केली, तेच बोलणे एका वळणावर माणूस मारू शकते.

म्हणून भयकथेला आम्ही दुसरी कसोटी लावू इच्छितो: तिच्यातील दोष शेवटी कोणाच्या पदरी पडतो? विधवा, वांझ म्हणून हिणवलेली, गावाबाहेर राहणारी किंवा कोणाची लग्नाची नसलेली बाई, हिलाच हडळ करून मोकळे होणाऱ्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्या कितीही रंगल्या तरी हीनच आहेत. या बाबतीत 'रात्रीस खेळ चाले'चा हिशेब संमिश्र निघतो. शेवंता भूत होते, हे जुन्याच वळणाचे झाले. परंतु तिला तेथवर कोणी नेले, हे दुसऱ्या भागाने लपविले नाही. अण्णांची वासना, त्यांची जमिनीची हाव आणि त्यांच्या दहशतीपुढे गप्प बसलेले घर यांच्याकडेच बोट जाते. घर अंधारात ठेवल्याचा जो दोष आम्ही त्या भागाला दिला, त्याच्या जमेला हे श्रेय मांडणे न्यायाचे होईल.

तात्पर्य, भूत पाहून माणसे प्रपंचाच्या गोष्टी बोलू लागली तर टीकाकाराने कपाळाला आठी घालू नये. त्या गोष्टी कोणत्या वळणाने जातात तेवढे मात्र कान देऊन ऐकावे. त्या आजीच्या शब्दाकडे, परसातल्या विहिरीकडे आणि न बोलणाऱ्या माईच्या दुःखाकडे गेल्या, तर मालिकेने आपले काम केले. त्या शेजारच्या एखाद्या बाईच्या नावाकडे वळू लागल्या, तर बोलणाऱ्याला तेथेच थांबविणे हे रसिकाचे काम आहे, आणि ते त्याने केलेच पाहिजे. आरवलीचा वेतोबा रात्रभर हिंडून वहाणा झिजवितो तो गावाला भिवविण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी. आमच्या भयकथाकारांनी आणि त्यांच्या चाहत्यांनी त्याचा हा पाठ गिरवावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.