'एकच प्याला' आणि आमचे काका

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' मी प्रथम पाहिले ते १९७२ च्या गणेशोत्सवात. गावातल्या हौशी मंडळींचा प्रयोग होता. मी तेव्हा अकरा वर्षांचा. शेजारी काका बसले होते. सिंधूच्या मरणाला सारा मांडव मुसमुसत होता, आणि सर्वांत अधिक रडत होते ते आमचे काका. खेळ सुटल्यावर त्यांनी मला घराच्या पायरीशी सोडले, 'आलोच' म्हणाले आणि अंधारात गेले. पहाटे दोघा माणसांनी त्यांना धरून आणले.

जो माणूस हे नाटक पाहून इतका रडतो, तो त्याच रात्री पितो कसा, हा प्रश्न मला पुढे कितीतरी वर्षे छळीत राहिला. काकांच्या दुबळेपणाकडे बोट दाखविले की उत्तर मिळाल्यासारखे वाटे. पण या प्रश्नाचे थोडे उत्तर नाटकाकडेही मागितले पाहिजे, असे मला आता वाटते.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्याला रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा आणि सिंधू बालगंधर्वांची. तेव्हापासून या नाटकाविषयी पुष्कळ वाद झाले. सिंधूचे पातिव्रत्य अतिरेकी आहे काय, सुधाकराच्या अधःपाताला दिलेले कारण पुरेसे आहे काय, ही खरी शोकांतिका आहे काय, हे वाद जाणत्यांनी घातले आहेत. मी त्यात पडत नाही. मला बोलावयाचे आहे ते नाटकाच्या नावाविषयी.

या नावाचा सर्वमान्य अर्थ असा की, पहिला प्याला घेऊ नका. सुधाकर हा हुशार, मानी वकील. कोर्टातल्या उद्धटपणापायी त्याची सनद काही महिन्यांसाठी रद्द होते, त्या तळमळीच्या वेळी तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो, आणि तेथून सर्वनाशाची घसरगुंडी सुरू होते. उपदेश म्हणून हे ठीक आहे. पण प्रेक्षकांतल्या पिणाऱ्यावर त्याचा परिणाम उलटाच होतो. पहिला प्याला घेणारे बहुतेक लोक सुधाकर होत नाहीत, हे त्याने भोवताली पाहिलेले असते. शिवाय तो स्वतःला मापतो ते शेवटच्या अंकातल्या सुधाकराशी. बायकोच्या अंगावर लुगडे उरलेले नाही, पोटचे पोर हातून मेले! आमचे काका एका कचेरीत हेडक्लार्क होते. धुतलेला सदरा घालून रोज वेळेवर कामावर जात. काकूवर त्यांनी कधी हात उचलला नाही. सुधाकरासाठी ते मनापासून रडले, आणि आपण काही सुधाकर नव्हे, असा धीर बांधून बाहेर पडले!

खरी ओळख फार आधी पटावयास हवी असते. डॉक्टरांच्या वापरात चार साधे प्रश्न आहेत. १९८४ पासून ते जगभर परिचित झाले. पिणे कमी करावे असे तुम्हाला कधी वाटले काय? तुमच्या पिण्याविषयी कोणी बोलले की राग येतो काय? पिण्याबद्दल मनाला खंत लागते काय? सकाळी उठल्यावर हात स्थिर करावयास किंवा उतारा म्हणून घोट घ्यावा लागतो काय? दोन प्रश्नांना 'होय' आले तर डॉक्टरांकडे जावे. यात बायकोला मारण्याचा प्रश्न नाही, नोकरी गेल्याचाही नाही. काकांनी १९७२ सालीच चारांपैकी तिहींना 'होय' म्हटले असते. पण त्यांना विचारले कोणी नाही. घरात काय ते रागावणे होते आणि शपथा होत्या. गणपतीपुढे, काकूच्या गळ्याला हात लावून, एकदा तर माझ्या डोक्यावर हात ठेवून. त्यातली एकही तीन आठवड्यांपलीकडे टिकली नाही.

१९८८ साली त्यांनी एका सकाळी एकाएकी सोडली. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम सुटला, आणि रात्री त्यांना भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसू लागल्या. दवाखान्यातले डॉक्टर आमच्यावरच चिडले. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी असे एकदम बंद केले तर झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे, असे त्यांनी सांगितले. हा आजार आहे हे आमच्या घरात त्या रात्री प्रथम कळले. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले होते. तशा प्रकारचे काम आता इतरत्रही उभे राहत होते. काका एका केंद्रात काही आठवडे राहिले, आणि पुढे दर आठवड्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जाऊ लागले. काकूलाही तेथे शिकावे लागले. नवऱ्यासाठी कचेरीत 'ताप आला आहे' असे निरोप धाडणे तिने थांबविले. फौजदारापुढे खोटे बोलून सुधाकराला वाचविणाऱ्या सिंधूची आपण पूजा केली. त्या खोट्याने आजार पोसला जातो, हे तिला कोणी सांगितले नाही.

१९९३ मध्ये मी पुन्हा हे नाटक पाहिले. काकाच म्हणाले, चल. या खेपेस ते शेवटच्या अंकात रडले नाहीत. त्यांचा श्वास अडकला तो आधीच. सुधाकर दारू सोडतो, नोकरी शोधावयास निघतो, आणि जेथे जाईल तेथे दारुड्या म्हणून त्याचा पाणउतारा होतो, त्या प्रसंगी. परत येताना ते म्हणाले, "माझ्या साहेबांनी मला माझी खुर्ची परत दिली रे. नसती दिली तर?" थोडे चालल्यावर म्हणाले, "नाटकाचं नाव अगदी खरं आहे. पण ते माझ्यासाठी. तुझ्या बाबांनी एक घेतला तर काही होणार नाही. मी एक घेतला की संपलं."

एवढ्या वादांतून मला न सुचलेला अर्थ मला तेथे कळला. 'एकच प्याला' हे नाव तळीरामाने दिलेल्या प्याल्याला तितकेसे लागू नाही. ते लागू आहे सुटल्यानंतर पुन्हा उचललेल्या प्याल्याला. नाटकाचा खरा मध्य तेथे आहे. गडकऱ्यांनी तो लिहिला आहे आणि फार प्रखरपणे लिहिला आहे. आपणच पहिल्या प्याल्याकडे आणि सिंधूच्या अश्रूंकडे पाहत राहिलो. भगीरथाकडेही आपले असेच दुर्लक्ष झाले. तोही पिणाराच. पण त्याला रामलालची सोबत मिळते, लोकसेवेचे काम मिळते, आणि तो सुटतो. सुधाकराला मिळतो तो निश्चय आणि बंद दरवाजे. दोघांतला फरक मनोधैर्याचा आहे, असे मी आता म्हणणार नाही. मात्र गडकऱ्यांनी भगीरथाला बाजूला ठेवले आणि सगळे सामर्थ्य सुधाकराच्या पतनावर खर्च केले, ही या नाटकाची उणीव मला वाटते. पिणाऱ्याच्या घरातल्या माणसाला भीती मिळते, वाट मिळत नाही.

काका २००९ साली गेले. शेवटची एकवीस वर्षे त्यांनी थेंबाला स्पर्श केला नाही. मधे एकदा, पहिल्याच वर्षी, घसरले होते. तेव्हा काकूने शपथ घातली नाही, त्यांना घेऊन ती परत केंद्रात गेली.

या दिवाळीत फराळानंतर कोठे कोठे गच्चीवर पेलेही निघतील. एखादा पाहुणा 'मला नको' म्हणेल. त्याला 'घे रे, एकच!' म्हणू नका. त्याच्यापुढे लिंबाचे सरबत ठेवा, आणि कारण विचारू नका.