कृष्णेचे दोन निवाडे

लवादाचा निवाडा हा वाङ्मयपरीक्षणाचा विषय कसा होऊं शकतो, असा प्रश्न आमचे कांहीं वाचक हें शीर्षक पाहून करतील. आमचें उत्तर असें कीं, ज्या लेखावर कोट्यवधि माणसांचें अन्न अवलंबून आहे आणि ज्यांत विद्वान् माणसांनीं वर्षानुवर्षें केलेला विचार साठविलेला आहे, तो लेख केवळ वकिलांनीं व इंजिनियरांनींच वाचावा हें सुशिक्षित समाजास शोभत नाहीं. कृष्णेच्या पाण्याचे दोन निवाडे या वर्गांत मोडतात. पहिला न्यायमूर्ति बच्छावत यांच्या लवादाचा, इ. स. १९७३ चा व १९७६ सालीं पूर्ण झालेला; दुसरा न्यायमूर्ति ब्रिजेशकुमार यांच्या लवादानें २०१० सालीं दिलेला व २०१३ सालीं दुरुस्त केलेला.

पहिल्या निवाड्याचा मोठा गुण म्हणजे त्याची निःसंदिग्धता. कृष्णेचें खोरें सुमारें २,५९,००० चौरस किलोमीटरांचें; महाबळेश्वरीं उगम, बंगालच्या उपसागरांत अंत, आणि मध्यें आपापल्या हक्कांविषयीं दक्ष असलेलीं तीन राज्यें. शंभर वर्षांपैकीं पंचाहत्तर वर्षीं खात्रीनें मिळेल असें पाणी लवादानें २,०६० अब्ज घनफूट धरलें. (ज्यास टी. एम. सी. म्हणतात तेंच हें माप.) त्यांतून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० असे वांटे केले. वांटणी न्याय्य झाली कीं नाहीं, यावर तिन्ही राज्यांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. आम्हांस दिसला तो दोष निराळा आहे, आणि तो साध्या बेरजेनें दिसतो. ५६०, ७०० व ८०० मिळून बरोबर २,०६० होतात. नदीसाठीं बाकी शून्य!

लवादाच्या बाजूनें दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. चांगल्या पावसाच्या वर्षीं उरणारें पाणी वापरण्याची मुभा त्यानें आंध्र प्रदेशास दिली, परंतु त्यावर हक्क मात्र दिला नाहीं. आणि पाण्याच्या हितकारक उपयोगांत शेती, उद्योग, वीज यांबरोबर मत्स्यसंवर्धन व वन्यजीवांचें रक्षण हींहि गणलीं. त्या काळीं हा विचार सुचणें ही लहान गोष्ट नव्हे. तथापि हे सारे उपयोग राज्यानें करावयाचे. राज्यास जो उपयोग फायद्याचा वाटेल तो तें करील, आणि माशांस मतदानाचा अधिकार नाहीं.

याहून गंभीर दोष हिशेबाच्या रीतींत आहे. गांवांनीं व शहरांनीं पिण्यासाठीं जितकें पाणी उचललें, त्याच्या शेंकडा २० च खर्ची पडलें असें या निवाड्यांत धरलें आहे. उद्योगांच्या बाबतींत तर शेंकडा अडीच! बाकीचें परत नदीस मिळतें असें गृहीत आहे. मापाच्या दृष्टीनें हें चूक म्हणतां येणार नाहीं. पाणी परत येतें खरें. पण कोणत्या रूपानें? पंचगंगेच्या कांठीं ज्यांनीं दहा मिनिटें घालविलीं असतील त्यांस उत्तर सांगावयास नको. इ. स. २०१२ सालीं इचलकरंजींत दूषित पाण्यानें काविळीची साथ पसरली. जमाखर्चांत जमेच्या बाजूस लिहिलेलें पाणी असेंहि असूं शकतें. भूगर्भांतील पाण्याचा उपसा तर कृष्णेच्या वापरांत मोजावयाचाच नाहीं असें ठरलें. जणूं विहीर आणि नदी यांचा परस्परांशीं संबंधच नाहीं!

दुसऱ्या निवाड्यानें मात्र एक नवें पाऊल टाकलें. नदींत किमान प्रवाह राहावा म्हणून त्यानें १६ अब्ज घनफूट पाणी राखून ठेवलें: महाराष्ट्रानें ३, कर्नाटकानें ७ व आंध्र प्रदेशानें ६ सोडावें. नदी ही स्वतः एक हक्कदार आहे, हें तत्त्व येथें मान्य झालें, आणि त्याबद्दल आम्ही या निवाड्याचें मनःपूर्वक अभिनंदन करतों. पण तत्त्व मान्य करून माप हातचें राखणें ही जी आपली जुनी रीत, तीहि येथें दिसते. सरासरी वर्षाचें पाणी २,५७८ अब्ज घनफूट. अंतिम वांटे ६६६, ९०७ व १,००५. बेरीज पुन्हां बरोबर २,५७८, आणि नदीचे १६ त्यांतच. म्हणजे शेंकडा पाऊणहि नाहीं. उलट पहिल्या निवाड्यानें कोयनेचें अखेर ६७.५ व टाटांच्या धरणांचें पांच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट पाणी विजेसाठीं सह्याद्रीपलीकडे नेण्यास मोकळीक दिली होती. दर वर्षाचा हिशेब केल्यास हें सुमारें ११० होतें. नदी जगावी म्हणून जें ठेवलें त्याच्या सातपट पाणी खोऱ्याबाहेर जातें! त्या विजेवर व पाण्यावर कोंकण आणि मुंबई यांचा उद्योग चालतो, हें आम्ही विसरत नाहीं. दोन्ही मापें शेजारीं ठेवून पाहावींत, इतकेंच आमचें म्हणणें.

हें लिहीत असतां माण तालुक्यांतील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शब्द आम्हांस आठवतात. "सर, आमच्या गांवांत मार्गशीर्षांतच टँकर येतो, आणि तुम्ही पाणी समुद्रास सोडावयास सांगतां?" या प्रश्नास टाळतां येत नाहीं. त्याचें उत्तर आम्ही असें देऊं. त्याच्या गांवाचें पाणी नदीनें नेलेलें नाहीं. लवादांनीं पाणी राज्याराज्यांत वांटलें. तालुक्यातालुक्यांत व पिकापिकांत वांटण्याचें काम राज्यांवर सोडलें. तेथें ऊस हें पीक थोडी जमीन व्यापून कालव्याच्या पाण्याचा फार मोठा भाग पितें, आणि माण, आटपाडी, जत हीं वाट पाहत बसतात. शिवाय समुद्रास गेलेलें पाणी वायां गेलें, ही समजूतच चुकीची आहे. इ. स. २००१ नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत कृष्णेचें पाणी समुद्रास जवळजवळ पोंचलेंच नाहीं. गोडें पाणी व गाळ यांचा ओघ आटला म्हणजे मुखाजवळच्या प्रदेशांत खारें पाणी आंत सरकूं लागतें, विहिरी बिघडतात, आणि तेथील शेतकरी व कोळी यांचा संसार मोडतो. तीहि माणसेंच आहेत.

दुसऱ्या निवाड्याच्या राजपत्रांतील प्रसिद्धीस सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं अटकाव केला. पुढें २०१४ सालीं तेलंगण वेगळें झालें, आणि २०२३ सालीं त्याच्या व आंध्र प्रदेशाच्या वांट्याचा प्रश्न याच लवादाकडे सोंपविण्यांत आला. म्हणजे या ग्रंथाचीं पानें अद्यापि लिहिलीं जात आहेत. पुढील पानांत तीन गोष्टी असाव्यात असें आम्ही सुचवितों. नदीचा वांटा उरल्यासुरल्यांतून न देतां प्रथम बाजूस काढावा, व तो पावसाप्रमाणें कमीजास्त व्हावा. परत आलेलें पाणी वापरण्याजोगें असेल तरच जमेस धरावें. आणि विहिरींचा उपसा नदीच्या हिशेबांत घ्यावा. यांनीं उसाचा मळेकरी नाराज होईल, कारखानदार नाराज होतील आणि कदाचित् मंत्रीहि. पण गेल्या पन्नास वर्षांत जिनें सर्वांस दिलें व जिची बाजू मांडण्यास एकहि वकील उभा राहिला नाहीं, तिच्या नांवें एक स्वतंत्र रकाना निवाड्यांत असावा, ही मागणी आम्हांस अवाजवी वाटत नाहीं.